डाव्या हाताचं तेल

आमच्या घरात माझा डावा हात पाहुणा म्हणून राहायचा. जन्माच्या वेळी मी बाहेर यायला आडमुठेपणा केला, खांदा अडकला, ओढाताणीत मानेतून हाताकडे जाणारी नस दुखावली, आणि डावा हात जो लोंबकळला तो लोंबकळलाच. पुढे कोपरात थोडा वाकायला लागला, बोटांत रुमाल धरण्याइतपत शहाणा झाला, पण खांद्यातून वर उचल म्हटलं की साफ नकार. बाबांना कुणी मला ‘बिचारी’ म्हटलेलं खपायचं नाही. इंदूरच्या राजेंद्र नगरात नवीन कुणी राहायला आलं आणि त्यांनी हळूच विचारलं, “पोरीच्या हाताला काय झालं हो?” की बाबा गंभीर चेहऱ्यानं सांगायचे, “काही नाही. तो पाहुणा आहे, पाहुण्याकडून आम्ही काम करवून घेत नाही.” विचारणारा माणूस विषय बदलायचा आणि आम्ही फाटकातून आत आलो की बाबा खुशीत शीळ घालायचे. त्यामुळे त्या हाताला पाहुण्याचे सगळे मान मिळाले. टेम्पोत बसताना आधी त्याची सोय बघायची, थंडीत त्याच्यापुरता वेगळा लोकरीचा मोजा, आणि रस्ता ओलांडताना आई नेहमी तोच हात धरायची. उजव्या हातात मग भाजीची पिशवी असायची.

आणि रोज सकाळी तेल. तिळाच्या तेलात ओवा आणि लसूण टाकून आई ते कडकडीत तापवायची, पितळेच्या वाटीत ओतायची आणि बोट बुडवता येईल इतकं निवलं की मला हाक मारायची. त्या वासानंच आमची सकाळ व्हायची. मी चटईवर उजव्या हातावर रेलून बसायची, डावा आईच्या मांडीवर. आई खांद्यापासून बोटांपर्यंत तेल ओढत न्यायची आणि तोंडानं स्तोत्र म्हणायची. स्तोत्र संपलं की तेल संपलं, असा हिशेब. बाबांशी काही वाजलेलं असलं की स्तोत्र धडाधड पळायचं आणि माझी लवकर सुटका व्हायची, म्हणून मी कधीकधी मुद्दाम बाबांची एखादी चुगली सकाळीच करून ठेवायची. बाहेर कारखान्याच्या बसचा हॉर्न, गल्लीत पोहेवाल्याच्या कढईवर झाऱ्याची टकटक, आणि आत आईचं पुटपुटणं. एकवीस वर्षं, एकही दिवस न चुकता. आजारपणात नाही, प्रवासात नाही. पुण्याच्या मावशीकडे गेलो तरी वाटी बरोबर. मावशी एकदा म्हणाली, “अगं, इतक्या वर्षांत फरक तर काही दिसत नाही.” आईनं तिच्याकडे असं बघितलं की मावशीनं पुढची दोन वर्षं तो विषयच काढला नाही.

उजवा हात मात्र घरचा. घरच्या माणसाचं कोण काय पुसतं? तो राबायला होता आणि राबायचा. मला त्याचा फार माज होता, खोटं कशाला बोलू. एका हातानं वेणी घालायची, एका हातानं बादली उचलून गच्चीवर न्यायची, दातांत टोक धरून नाडीची गाठ मारायची. मुरंब्याच्या बरणीचं झाकण कुणाला निघालं नाही की दादा ओरडायचा, “नीलाला बोलवा रे.” मी बरणी गुडघ्यांत धरायची आणि उजव्या हाताचा एक हिसका द्यायची, की झाकण बाहेर. दादा माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, दोन्ही हात धडधाकट, आणि त्यानं जन्मात कधी झाकण उघडलं नाही. “दोन हातांची ताकद एकात आली आहे हिच्या,” असं सगळी कॉलनी म्हणायची, आणि हे ऐकून मी आणखी दोन बादल्या उचलायची. मूर्खच होते.

यात बाबांनी भर घातली. बाबा सांवेर रोडवरच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होते. कुठल्या मोटरला कधी तेल दिलं, कुठली किती तास चालली, कुठलीला कधी आराम द्यायचा याचं एक लठ्ठ रजिस्टर त्यांच्याकडे असायचं, आणि एखाद्यानं मशीनवर जास्त लोड टाकलेला दिसला की एरवी मऊ बोलणारा हा माणूस शेडमध्ये सगळ्यांसमोर त्याची शाळा घ्यायचा. घरी आले की ते माझ्यासाठी काही ना काही ठोकत बसायचे. भिंतीत बसवलेला अडकित्ता, ओट्याला जखडलेलं लिंबू पिळायचं यंत्र, पोळपाट घसरू नये म्हणून त्याला खालून चिकटवलेलं सायकलच्या ट्यूबचं रबर. पण सगळ्यात नामी वस्तू म्हणजे कीस-मशीन. एका लांब पाटाच्या पुढच्या टोकाला त्यांनी मोठी किसणी तिरपी ठोकली होती, विळीला पातं असतं तशी. पाटावर बसायचं, पाट आपल्या वजनानं जागचा हलत नाही, आणि एका हातानं भुट्टा, म्हणजे मक्याचं कणीस, खालीवर घासत राहायचा. डाव्या हाताची गरजच नाही. बाबांनी ती केली तेव्हा मी दहा वर्षांची असेन. मला इतका आनंद झाला की मी त्या दिवशी भुट्टे संपल्यावर गाजरं, काकड्या आणि अंगाला लावायच्या साबणाची अख्खी वडी किसली.

आता इंदूरबाहेरच्यांना सांगायला हवं. भुट्टे का कीस म्हणजे आमच्याकडचा पावसाळा. कोवळे देशी भुट्टे किसायचे, तुपात जिरं, हिंग, हिरवी मिरची घालायची, कीस परतत राहायचा, मग दूध, आणि वरून नारळ, कोथिंबीर, लिंबू. परतताना हात थांबला की खाली लागतो. आमच्या घरी गणपती दहा दिवस असायचे आणि त्यातला एक दिवस किसाचा. त्या दिवशी आरतीला येणारा प्रत्येक जण कीस खाऊनच जायचा. साठ-सत्तर भुट्टे लागायचे. मशीन आल्यापासून ते सगळे मी एकटी किसायची. आधी आई, दोन काकू आणि शेजारची वहिनी मिळून किसायच्या. मग त्यांनी हळूहळू अंग काढून घेतलं, कारण माझ्याइतकं जल्दी कुणाचंच होत नव्हतं. त्या पलीकडे बसून गप्पा मारायच्या आणि म्हणायच्या, “बघा, एका हातानं कशी फर्राटेदार चालते.”

माझं बीए झालं त्या वर्षीची गोष्ट. राजवाड्याजवळच्या एका मुलींच्या शाळेत प्राथमिकला शिक्षिकेची जागा निघाली होती. मला शिक्षिकाच व्हायचं होतं, लहानपणी गच्चीच्या दारावर खडूनं लिहून मी दादाला शिकवलं होतं आणि छड्याही मारल्या होत्या. पण घरात कुणाला वाटत नव्हतं की मला घेतील. उघड कुणी म्हणालं नाही. फक्त एक काका म्हणाले, “बैठं काहीतरी बघ ना,” आणि आई भाजी निवडत राहिली. मी चिडले आणि एकटीच जाऊन मुख्याध्यापिकांना भेटले. त्यांना तिथे सगळे बडी बहनजी म्हणायचे. त्यांनी माझ्या डाव्या हाताकडे बघितलं आणि विचारलं, “कर लोगी?” मी छाती काढून सांगितलं, “बहनजी, मेरा एक हाथ दो का काम करता है।” त्या म्हणाल्या, ठीक है, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी ये, चौथीच्या वर्गावर एक पाठ घेऊन दाखव, फळ्यावर लिहून. मग बघू.

आणि हे असं बोलून मी घरी आले तेव्हा माझा उजवा हात कित्येक महिने दुखत होता. कोपराच्या बाहेरच्या बाजूला एक गाठ धरल्यासारखं व्हायचं, तिथून कळ खांद्यात जायची. खांद्याच्या वर हात नेला की डोळ्यांसमोर काजवे. फळा काय कमरेवर लावलेला असतो? मी हे कुणाला बोलले नव्हते. उजवा हात दुखतो म्हणणं म्हणजे मग माझ्याकडे राहिलंच काय? काका खरे ठरणार, नोकरी गेली, आणि आयुष्यभर बैठं काहीतरी. आणि आईला काय वाटेल? तिला तर एकाच हाताचं दुःख पुरेसं होतं. म्हणून मी दात-ओठ खाऊन वेणी घालत होते, बादल्या उचलत होते आणि रोज सकाळी तेलाला बसताना त्याच दुखऱ्या हातावर अख्ख्या अंगाचा भार टाकून रेलत होते.

(परवा माझी फिजिओथेरपिस्ट, चोवीस वर्षांची गोड पोरगी आहे, ती विचारत होती, “आंटी, हे कधीपासून आहे?” मी म्हटलं, तुझी आई शाळेत जात होती तेव्हापासून. तिनं पेन खाली ठेवलं. मग तिनं कॉम्प्युटरवर मला चित्र दाखवलं, एक हात जन्मापासून कमजोर असला की दुसऱ्यावर कसा जास्तीचा भार पडतो, तो कसा थकतो, आणि कुणाच्या ते लक्षात येत नाही कारण सगळे दुखावलेल्या हाताकडेच बघत असतात. छान समजावलं. मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, हे मला एकदा एका माणसानं भुट्टे सोलता सोलता सांगून झालेलं आहे.)

गणपती बसायच्या आदल्या दिवशी माझ्या हातून दुधाचं पातेलं निसटलं. अख्खं ओट्यावरून खाली. मग मला सांगावंच लागलं. मी म्हटलं, “आई, उजवा हात जरा दुखतो आहे.” आईनं पुसता पुसता वर बघितलं. “उजवा? उजवा कसा दुखेल? तो तर चांगला आहे.” बाबा पेपर बाजूला ठेवून आले. त्यांनी उजवा हात लांबूनच बघितला, मग डावा हातात घेतला, दाबून बघितला, वाकवून बघितला आणि निदान केलं की डाव्याच्या नसेत काहीतरी आखडलं आहे आणि त्याची कळ पाठीतून उजव्यात उतरते आहे. आईला ते लगेच पटलं. दादालासुद्धा पटलं, त्याचा काय संबंध कुणास ठाऊक. म्हणजे आजार डाव्याचा, उजवा फक्त निरोप देतो आहे. त्या दिवसापासून डाव्याला दोनदा तेल सुरू झालं, सकाळी आणि संध्याकाळी. संध्याकाळी वर गरम पाण्याची पिशवी, तीही डाव्यालाच. आणि दोन्ही वेळा मी उजव्यावर रेललेली. दुखणं दुप्पट झालं. मी उजवा दुखतो असं आणखी दोनदा सांगून बघितलं, तर आईनं तेलात मोहरी टाकायला सुरुवात केली.

तेव्हा मी हात टेकले. एका अर्थी बरंही वाटलं. उजवा दुखतो हे कुणी मानतच नाही, तर नोकरीचं कुणी थांबवणारही नाही. पाठ होईपर्यंत दम धरायचा, पुढचं पुढे.

किसाचा दिवस आला. सकाळीच रामेश्वर भिया आले. भिया म्हणजे इंदुरी बोलीतले भैया. हे बाबांच्या कारखान्यातले फिटर, सांवेरकडच्या एका खेड्यातले, जाड मिशा, बोलणं कमी. दर वर्षी ते आपल्या शेतातले भुट्टे पोत्यात भरून सायकलवर आणायचे आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून सोलून द्यायचे. सोलायचं त्यांच्याकडे, किसायचं माझ्याकडे, अशी आमची वर्षानुवर्षांची जोडी. ते सोललेला भुट्टा पुढे ठेवायचे, मी उचलायची. एकदाही त्यांनी मला ‘बिचारी’ म्हटलं नाही की ‘शाबास’ही म्हटलं नाही, म्हणून मला ते आवडायचे. बाहेर आरतीची तयारी, दादा झांजा शोधतो आहे, आई चुलाण्यापाशी भल्यामोठ्या कढईत पहिला घाणा परतते आहे, बाबा येऊन जाऊन विचारताहेत, “नीलाबाई, प्रॉडक्शन कुठवर आलं?”

बेचाळिसाव्या भुट्ट्याला प्रॉडक्शन थांबलं. मला आकडा पक्का आठवतो कारण दुखणं विसरायला मी मोजत होते. अर्धा भुट्टा किसलेला, आणि माझी बोटं त्याच्याभोवती आवळली ती उघडेनात. सोडायला जावं तर कोपरापासून अशी कळ आली की मी पाटावरच वाकले. “आई,” एवढंच तोंडातून निघालं. भुट्टा हातात तसाच.

आई झारा टाकून धावत आली. येताना तिनं कोनाड्यातली तेलाची वाटी घेतली, माझ्या डाव्या अंगाला बसली, डावा हात मांडीवर ओढला आणि स्तोत्र म्हणत भराभरा चोळायला लागली. बाबा आले, त्यांनी डाव्याचा पंजा धरला. दादानं पंखा आणला आणि डाव्याला वारा घालायला लागला. मी मध्ये बसलेली, उजवा हात हवेत, त्यात भुट्टा, डोळ्यांतून पाणी, आणि तिकडे कुणाचं लक्षच नाही.

रामेश्वर भियांनी हातातला भुट्टा खाली ठेवला. ते उठले, माझ्या उजव्या बाजूला येऊन उकिडवे बसले आणि माझं एकेक बोट हळूहळू उघडून त्यांनी तो अर्धा भुट्टा सोडवला. मग बाबांकडे बघून म्हणाले, “बाबूजी, एक बात बोलूँ? बुरा तो नी मानोगे?”

बाबा म्हणाले, “बोलो.”

“कारखाने में कोई एक मोटर पे डबल लोड डाल दे तो तुम सबके सामने उसकी खबर लेते हो। याँ घर में क्या कर रिये हो? जो मोटर बंद पड़ी हे उसको रोज तेल पिला रिये हो। और जो चल री हे उसको बूँद भर नी। वो गरम नी होगी तो क्या होगी?”

दादाचा पंखा थांबला. बाबांचा चेहरा असा झाला की मला माझा हात विसरून त्यांची दया आली. त्यांच्या पंचवीस वर्षांच्या नोकरीत त्यांना कुणी त्यांच्याच रजिस्टरमधून पकडलं नव्हतं. ते पाटावरच्या किसणीकडे बघत राहिले, जी त्यांनीच ठोकली होती. “अकरा वर्षं,” ते पुटपुटले, “अकरा वर्षं ओव्हरलोडवर.” आईचे हात डाव्यावर तसेच थबकलेले. मग एकदम तिला वास आला. कीस खाली लागला होता. आमच्या घरच्या इतिहासात पहिल्यांदा. ती पदरानं डोळे पुसत कढईकडे पळाली, आणि त्या वर्षी अख्ख्या कॉलनीनं लागलेला कीस खाल्ला. “काय वहिनी, यंदा अगदी खरपूस झाला आहे,” असं म्हणून दोघातिघांनी परत मागितला. उरलेले भुट्टे दादानं किसले. सगळ्या काकू पलीकडे बसून त्याला बघत होत्या आणि तो दर भुट्ट्याला “आई गं” म्हणत होता. मला फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं वाटी घेऊन हाक मारली. मी सवयीनं उजव्यावर रेलून बसले. तीही सवयीनं डावीकडे बसली, डावा हात मांडीवर घेतला, आणि तसाच खाली ठेवला. उठली. माझ्या पाठीमागून वळसा घालून उजवीकडे आली आणि मला भिंतीला टेकवून बसवलं. उजवा हात तिनं दोन्ही हातांत घेतला आणि नुसती बघत राहिली. तळव्याला घट्टे, कोपरापाशी सूज, मनगट दादाच्या मनगटापेक्षा जाड. “मला हा हात ओळखूच येत नाही गं,” ती म्हणाली. “तू पाळण्यात होतीस तेव्हा बघितला असेन नीट, त्यानंतर नाहीच.” आणि रडली. मीही रडले. स्तोत्र त्या दिवशी मध्येच तुटलं, पण तेल बराच वेळ चाललं.

मग मी सगळं सांगून टाकलं. बडी बहनजींपुढे मारलेली बढाई, फळ्यावर लिहायचं आहे ते, हात वर जात नाही ते. मला वाटलं होतं आता म्हणतील, जाऊ दे ती नोकरी. पण बाबांना गुन्ह्याची भरपाई करायची होती. त्यांनी आधी फर्मान काढलं की पाठ होईपर्यंत उजव्याला शटडाउन. वेणी आईनं घालायची, बादल्या दादानं उचलायच्या, आणि झाकणं ज्याची त्यानं उघडायची. त्या आठवड्यात आमच्या घरी कुणी लोणचं खाल्लं नाही. मग ते टेप घेऊन माझी मापं काढत बसले. जमिनीपासून खांदा किती, फळ्याचा मध्य किती. “हात वर न्यायचा नसेल,” ते म्हणाले, “तर सरळ आहे. अख्खी नीलाच वर न्यायची.” उंचीला नेमकी बसेल अशी एकच वस्तू घरात होती, तिच्यावर गणपती बसले होते.

अनंत चतुर्दशीला गणपती गेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चौरंग मोकळा झाला. पुसायला वेळ मिळाला नाही. बाबांनी तो स्कूटरवर पुढे पायांत आडवा धरला, मी मागे, आणि आम्ही राजवाड्याच्या गर्दीतून निघालो. शाळेच्या फाटकावर चपराशानं अडवलं. “बाबूजी, गणपति तो कल चले गए। अब किसको बिठा रिये हो?” बाबांनी माझ्याकडे बोट केलं. त्यानं जास्त विचारलं नाही, चौरंग उचलून वर्गात नेऊन ठेवला.

वर्गात चाळीस मुली, मागच्या बाकावर बडी बहनजी, बाकातून ओसंडणाऱ्या. मी चौरंगावर चढले. अजून त्याला हळदीकुंकवाची बोटं होती, कोपऱ्यात अक्षता चिकटलेल्या, एक वाळकी दूर्वा. पहिल्या बाकावरच्या मुलीनं घाईघाईनं हात जोडले आणि मग तिच्या शेजारणीनंही. बडी बहनजींनी विचारलं, “ये क्या है?” घरून मी दुसरंच काहीतरी ठरवून आले होते, पाठीला जरा त्रास आहे वगैरे. पण त्या दूर्वेकडे बघून खोटं बोलवेना. मी म्हटलं, “बहनजी, मैंने उस दिन बड़ी बात कर दी थी। मेरा एक हाथ जनम से कमजोर है, और दूसरा दोनों का काम करते-करते दुखने लगा है। ऊपर नहीं उठता। इसलिए मैं ऊपर आ गई।”

त्यांनी एकदा चौरंगाकडे, एकदा फळ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, “पढ़ाओ।” मी अपूर्णांक शिकवले. खांद्याच्या रेषेतच फळा होता, हात आडवा पुढे केला की खडू टेकत होता. एका पोळीचे आठ तुकडे केले, त्यातले तीन कुणी खाल्ले ते मुलींना विचारलं, आणि चाळीस मुली पोळीवरून भांडल्या. तास संपल्यावर बडी बहनजी बाकातून कशाबशा सुटल्या, पुढे आल्या, चौरंगाला पायानं जरा ढोसून बघितलं. “किसने बनाया?” मी सांगितलं, गणपतीचा आहे, पण अक्कल पिताजींची. “उनको बोलो,” त्या म्हणाल्या, “घुटनों के लिए भी कुछ सोचें। ऊपर के दफ्तर की सीढ़ियाँ चढ़ी नहीं जातीं मुझसे।” आणि दारापर्यंत गेल्यावर वळून, “सोमवार से आ जाना। इसे यहीं छोड़ जाओ।”

तो चौरंग माझ्याबरोबर रिटायर झाला. दर वर्षी दहा दिवस तो घरी गणपतीच्या ड्यूटीवर जायचा आणि ते दहा दिवस मी वर्गात बसून शिकवायची. मुलींना वाटायचं हा शाळेचा नियमच आहे.

पण मला सांगायचं आहे ते त्या दिवशी संध्याकाळचं. पेढे वाटून झाले होते, बाबा सांवेर रोडला रामेश्वर भियांना पेढे द्यायला गेले होते, घरात मी आणि आई. तिनं वाटी आणली, उजवीकडे बसली, चोळायला लागली. खुशीत होती, मध्येच स्तोत्र सोडून शाळेचं विचारत होती. आणि तेव्हा मला दिसलं की ती डाव्या हातानं चोळते आहे. उजवा नुसता माझ्या मनगटाखाली टेकवलेला.

“आई, उजव्या हातानं का नाही?”

“काही नाही. अंगठा धरतो, आज जरा जास्त.”

“कधीपासून?”

ती सहजच म्हणाली, “तू दुसरीत होतीस ना, तेव्हापासून.”

दुसरीत. चौदा वर्षं तिनं त्याच अंगठ्यानं माझा डावा हात ओढला होता आणि कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर तेल थांबलं असतं. मला राग आला, तिचा आणि माझाही. मी तिच्या मांडीवरून उजवा हात काढून घेतला. तिचा उजवा हात माझ्या मांडीवर ठेवला. वाटी जवळ ओढून डाव्याची बोटं तिच्यात बुडवली, आणि डावा हात, जो आईनं एकवीस वर्षं तेल पाजून ठेवला होता, तो उजव्यानं जरासा ढकलत तिच्या अंगठ्यावर आणून ठेवला. बोटं हलली. वेडीवाकडी, तेल निम्मं साडीवर, पण अंगठ्याच्या मुळाशी जाऊन हळूहळू फिरायला लागली.

आई त्या बोटांकडे बघत होती. “राहू दे गं,” ती म्हणाली. “पाहुण्याला कशाला कामाला लावतेस.”

पण हात तिनं काढून घेतला नाही.